उतारा दिला: होय

१

माळी गेला तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या नावासमोर लिहिलेलं होतं: उतारा दिला – होय.

तो एका शाळेचा माळी. झाडांवर कीड पडली म्हणून औषध फवारत होता. पाठीवरची टाकी गळत होती, आणि शर्ट भिजला तो घामाने असं त्याला वाटलं. भर दुपारी त्याचा भाऊ त्याला आमच्या हॉस्पिटलात घेऊन आला, तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता. अशा विषावर उतारा असतो. तो सुईने टोचायचा, पुन्हा पुन्हा टोचायचा. वेळेवर मिळाला तर माणूस दुसऱ्या दिवशी उठून चहा मागतो. हा माणूस दिवेलागणीच्या आत गेला.

मग कपाटं उघडली. खाली, तातडीच्या विभागात, आदल्या दिवसापासूनच उताऱ्याची एकही बाटली शिल्लक नव्हती. वरच्या वॉर्डात भरपूर होत्या, पण सगळ्या सीलबंद. म्हणजे उतारा कुणीच दिला नव्हता.

न टोचलेली सुई टोचली म्हणून लिहिलं कुणी? दुपारपाळीला खाली एकच सिस्टर होती. ती माझी धाकटी जाऊ.

माळ्याच्या बायकोने तिला व्हरांड्यात गाठलं. मी तिथे नव्हते, पण पुढे इतक्या जणांनी सांगितलं की मी होते असंच आता वाटतं. "कपाटात औषध नाही हे झाकायला खोटं लिहिलंस," ती म्हणाली. "तुझ्या हाताने कुणाला बरं वाटू नये. तुझं तोंड पाहून लोकांनी वाट बदलावी." भावाने तिला आवरलं. माझी जाऊ भिंतीला टेकून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मी नाही लिहिलं हो."

तिला त्याच संध्याकाळी कामावरून थांबवलं. चौकशीत दोषी ठरली तर नोकरी जाणार होती, सिस्टर म्हणून नाव कायमचं कापलं जाणार होतं, आणि वर पोलीस होतेच.

आणि हॉस्पिटलचा कॉम्प्युटर सांगत होता, की ती खोटं बोलतेय. त्या कॉम्प्युटरवर मी काम करत होते.

२

आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत इतका गारठा, की उन्हाळ्यातही आम्ही स्वेटर घालून बसत असू. आपल्या भाषेतली अक्षरं पडद्यावर आणणं नवलाईचं होतं. वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसायच्या. मला ती खोली फार आवडायची. माझ्या संसारात मला एकटीला मिळालेली तेवढीच जागा.

खोलीत आम्ही दोघंच. मी आणि साहेब. साहेबांना सगळं हॉस्पिटल माघारी 'सुटसुटीत' म्हणायचं. कुणी काहीही दाखवलं की ते मान तिरकी करून म्हणायचे, "छान आहे, पण जरा सुटसुटीत करा." त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत. माणूस वाईट नव्हता.

माळी आला त्या दिवशी मी रजेवर होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आले ती बातमी ऐकतच. पहिलं काम काय केलं असेल, तर पडदा उघडून पाहिला. माळ्याच्या उपचारांत स्पष्ट होतं: विषावरचा उतारा टोचला – होय.

रात्री जेवताना जाऊ भाताची शितं नुसती बोटांनी सरकवत होती.

"ताई, मी त्याला तपासलं, सलाईन लावलं, आणि वर पाठवला. स्ट्रेचरवाल्याला बजावलं, 'खाली उतारा संपलाय, वर गेल्या गेल्या बघायला सांग.' 'उतारा दिला' ला मी हातसुद्धा लावला नाही."

"'उतारा दिला' नाही गं," मी म्हटलं. "'विषावरचा उतारा टोचला' असं आहे ते. नाव मीच घातलंय."

"त्या दिवशी 'उतारा दिला' एवढंच होतं."

"अगं, मी आज सकाळी डोळ्यांनी पाहिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तूही आता तेच म्हण."

डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासूबाई आतून म्हणाल्या, "मोठीचं लक्ष यंत्राकडे असतं. तू सांग तिला पुन्हा. माणसाचं दोनदा ऐकावं."

पण जाऊ उठून गेली होती. आणि खरं सांगते, मला वाटलं, घाबरली आहे, काहीतरी लपवतेय.

३

विश्वस्तांनी चौकशीसाठी एका निवृत्त न्यायाधीशबाईंना बोलावलं. उंच, किडकिडीत, पांढरेशुभ्र केस घट्ट मागे बांधलेले. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. प्रत्येकाला त्या म्हणायच्या, "परत सांगा. जसंच्या तसं." लोक वैतागायचे, परत सांगायचे, आणि दुसऱ्यांदा सांगताना थोडं वेगळं सांगायचे. उजवा कान त्यांचा फार तीक्ष्ण होता.

पहिल्याच दिवशी त्या आमच्या खोलीत आल्या, दाराशी चपला काढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"मला यातलं काही कळत नाही. शाळेतल्या पोराला सांगतात तसं सांगा. अनमान करू नका."

मी सांगितलं. डेटाबेस म्हणजे तक्ते. तक्त्याला रकाने. पण एखाद्या रकान्यात नुसतं 'होय' किंवा 'अडतीस' लिहिलेलं असेल, तर ते कशाबद्दल हे त्या रकान्याला ठाऊक नसतं. म्हणून आम्ही आणखी एक तक्ता ठेवला होता, तक्त्यांविषयीचा तक्ता. प्रत्येक रकान्याचं नाव काय, अर्थ काय, तो कोण भरणार, कुठे दिसणार, हे सगळं त्यात.

"म्हणजे रकान्यांची ओळखपाळख."

"हो. आणि वॉर्डातले, तातडीचे, दप्तरातले सगळे पडदे त्या ओळखीवरून आपोआप तयार होतात. डॉक्टरांना नवं काही हवं झालं, तर मूळ तक्त्याला हात न लावता मी ओळखीला आणखी एक गोष्ट जोडते. साहेब त्याला शेपूट म्हणतात."

पलीकडून साहेब हसले. "शेपटावर शेपूट जोडतात बाई. मी वाचणं सोडलं."

"पडद्याला कसं कळतं, कुठला रकाना आणायचा?"

"नावावरून. नाव सांगितलं की तो ओळखीच्या तक्त्यात शोधतो आणि आणतो."

"एका नावाचे दोघं असले तर?"

"जो आधी सापडेल तो आणेल. पण तसं होत नाही. नावं वेगळी ठेवतोच आम्ही."

बाईंनी मान हलवली. मग जावेला बोलवायला सांगितलं.

ती आली, उभी राहिली. साहेब काही म्हणायच्या आत बाईंनी त्यांना चहा घेऊन यायला सुचवलं, म्हणजे बाहेर काढलं.

"तुम्ही 'होय' लिहिलंत?"

"नाही."

"परत सांगा."

"नाही लिहिलं. आणि बाईसाहेब, मला खोटं लिहायचं असतं तरी जमलं नसतं. ताईने गेल्याच आठवड्यात आम्हाला करून दिलंय. उताऱ्याला होय म्हटलं की पडदा बाटलीचा नंबर विचारतो. नंबर टाकल्याशिवाय पुढे जात नाही. बाटलीच नाही तर नंबर कुठून आणू? म्हणजे मग नंबरही खोटा रचावा लागला असता."

मी जागच्या जागी सरळ झाले. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? सिस्टरांनीच मागितलं होतं म्हणून ते शेपूट मी जोडलं होतं.

"नंबर काय आहे बघा," बाई म्हणाल्या.

मी तक्ता उघडला. होय समोर होतं. शेजारचा रकाना रिकामा होता.

४

"सिस्टर, तुम्ही या आता," बाई म्हणाल्या. दार लागल्यावर माझ्याकडे वळल्या. "नंबराशिवाय पडदा पुढे जात नाही. तरी होय आहे. कसं?"

"पडद्यावरून लिहिलेलं नाही ते," मी म्हटलं. "पडद्याच्या खालून लिहिलंय. थेट तक्त्यात. तिथे कुणी काही विचारत नाही."

"आणि खाली कोण उतरू शकतं?"

"साहेब. आणि मी."

"सिस्टर तुमची जाऊ ना? घरात पटतं का तुमचं?"

"पटतं."

"परत सांगा."

"कुरबुरी होतात. दोन भांडी म्हटल्यावर..." मी थांबले. माझ्यावर संशय आहे हे तेव्हा पहिल्यांदा उमजलं.

त्यांनी वॉर्डच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण होता तो, लग्नाला वर्षही झालं नसेल. दाढी वाढली होती.

"पेशंट वर आला तेव्हा काय झालं?"

"स्ट्रेचरवाला म्हणाला, उताऱ्याचं बघा असं सिस्टरनी सांगितलंय. मी पडदा पाहिला. होय होतं. म्हटलं, खाली दिलाय, आता लागू होण्याची वाट पाहायची."

"आणि पेशंटला पाहिलंत?"

"पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. उतारा दिला की त्या मोठ्या होतात. मला शिकवलं होतं ते. मी म्हटलं, थोड्या वेळाने होतील. पुन्हा पडदा पाहिला. होय." त्याने चेहऱ्यावर हात फिरवला. "डोळ्यांसमोर माणूस होता, आणि मी पडदा पाहत होतो."



"पडद्यावर काय शब्द होते?" बाईंनी हळू विचारलं.

"उतारा दिला."

"परत सांगा, जसंच्या तसं."

"उतारा दिला. होय. दोनच शब्द आणि होय. मी इतक्या वेळा पाहिलंय की मला झोपेत दिसतं."

तो गेल्यावर बाईंनी मला पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायला सांगितलं.

"विषावरचा उतारा टोचला."

"तुम्ही रजेवर होतात तेव्हाही हेच होतं?"

"असायलाच..." आणि मला जेवणाचं ताट आठवलं, शितं सरकवणारी बोटं आठवली. "सिस्टरही दोनच शब्द म्हणाली होती. मी तिलाच खोटं पाडलं."

"दोघांनी वेगवेगळं बसून एकच चूक केली तर ती चूक नसते," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी नाव वेगळं होतं. पण नाव आखूड झाल्याने 'नाही' चं 'होय' होत नाही. मृत्यूच्या आधी डॉक्टरांनी होय वाचलं. जर ते तेव्हाच खालून कुणी लिहिलं असेल, तर बाई, ही हयगय नाही. हा खून आहे."

५

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी बाई आमच्या खोलीत न येता खाली दप्तरात, म्हणजे नोंदी ठेवायच्या खोलीत, गेल्या आणि मला तिथेच बोलावून घेतलं. दप्तरातले काका म्हणजे गमतीदार माणूस. माळी गेला त्याच संध्याकाळी ते मुलीच्या बाळंतपणाला गावी गेले होते, आजच परतले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"माळ्याचा भाऊ तुमच्या खिडकीशी आला होता ना?" बाईंनी विचारलं. "त्याने मला सांगितलं, शाळेला दाखवायला कागद हवा होता."

"आला होता की. बिचारा घाबरलेला. दाखल केल्याच्या नोंदीचा उतारा मागत होता. लगेच दिला."

"काय दिलात?"

काका मोठ्याने म्हणाले, "उतारा, बाईसाहेब, उतारा! नोंदीचा उतारा."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच हललं नाही.

"आणि दिल्याची खूण करता?"

"करतो ना. हा काय, इथे." काकांनी पडदा उघडला आणि चष्मा वर सरकवला. "अरेच्चा, परत लांबवलंत होय? 'नोंदीचा उतारा दिला'. त्या दिवशी तर नुसतं 'उतारा दिला' होतं. मी म्हटलंसुद्धा, कुणीतरी शेपटी छाटलेली दिसते."

वर येताना जिन्यात बाई थांबल्या. दम लागला होता.

"दोन रकाने," त्या म्हणाल्या. "एक विषावरचा, एक कागदाचा. दोघांचीही नावं त्या दिवशी एकच होती. वॉर्डच्या पडद्याने 'उतारा दिला' शोधलं. तुम्हीच सांगितलंत, जो आधी सापडेल तो."

"दप्तराचा तक्ता आधी येतो," मी म्हटलं. "सगळ्यात जुना तोच आहे."

"डॉक्टरांनी वाचलं ते काकांचं होय. खून नाही झाला."

"मग विषाच्या रकान्यातलं होय?"

"ते नंतरचं. माणूस गेल्यावर कुणाला तरी कळलं काय झालं ते. त्याने नावं पूर्ववत केली. पण मग वॉर्डात विषावरचा उतारा रिकामा दिसला असता, आणि डॉक्टर तर होय वाचलं म्हणतात. लोकांनी विचारलं असतं, ते होय आलं कुठून? म्हणून त्याने तिथे होय लिहिलं. बघायला गेलं की सगळं जुळतं, आणि खोटी पडते सिस्टर." त्या कठड्याला धरून दोन पायऱ्या चढल्या. "आता प्रश्न एवढाच, की तो साहेब की तुम्ही."

६

साहेबांनी खुर्ची पुढे केली. पेन्सिली तशाच उंचीप्रमाणे होत्या.

बाई बसल्या नाहीत. "नावं आखूड केली होती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "नावं ओळखीच्या तक्त्यात आम्ही दोघंही बदलू शकतो. हिला विचारा. सिस्टर हिच्याच घरची आहे."



"विचार केला मी तिचाही," बाई म्हणाल्या. "जावेला वाचवायचं असतं तर तिने तिथे होय लिहिलंच नसतं. रिकामा रकाना हीच जावेची सुटका होती. आणि जावेला अडकवायचं असतं, तर तिने शेजारी बाटलीचा नंबरही लिहिला असता, कारण तो लागतो हा नियम तिनेच घातलाय. ज्याने होय लिहिलं त्याला शेजारी एक जागा आहे हेच माहीत नव्हतं. साहेब, तुम्ही शेपूट वाचत नाही."

साहेबांनी मान तिरकी केली. ती तशीच राहिली. मग ते हळूच खाली बसले.

"विश्वस्त पाहायला येणार होते," ते म्हणाले. "नावं एकमेकांत घुसत होती पडद्यावर. टोचला, पाजला, लावला, सोडला... मी म्हटलं, सगळ्यांना एकच शब्द, 'दिला'. दोन शब्दांच्या वर नाव नाही. किती स्वच्छ दिसत होतं." ते माझ्याकडे बघून बोलत होते, जणू मला तरी पटेल. "संध्याकाळी कळलं तसं लक्षात आलं माझ्या. एका क्षणात. दोन मुली लग्नाच्या आहेत माझ्या. मी त्या माणसाला मारलेलं नाही, बाईसाहेब."

"नाही," बाई म्हणाल्या. "ती चूक होती, आणि कबूल केली असतीत तर चूकच राहिली असती. सिस्टरला मात्र तुम्ही जाणूनबुजून मारत होतात. शांतपणे, खुर्चीत बसून."

साहेबांनी डोळे पुसले नाहीत. समोरच्या कागदांच्या कडा नुसत्या जुळवत राहिले.

७

निकाल सांगायला बाईंनी माळ्याच्या बायकोलाही बोलावलं होतं. झालेली चूक आणि नंतरची लपवाछपवी, दोन्ही गोष्टी तिला नीट समजावल्या, शब्द मोजून, न चिडता. ती डोक्यावरचा पदर सारखा करत ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "म्हणजे नुसत्या एका शब्दापायी?"

"हो," बाई म्हणाल्या.

साहेबांची नोकरी गेली आणि पुढचं पोलिसांकडे गेलं. डॉक्टरने स्वतःहून राजीनामा दिला. माझ्या जावेवरचा ठपका पुसला गेला आणि तिला उद्यापासून कामावर या असं सांगितलं. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो हलकेच सोडवून घेतला. घरी त्या रात्री मी तिला म्हटलं होतं ते ती विसरली नव्हती, आणि का विसरावं? आमचं पुढे सगळं चांगलं झालं, आयुष्य मोठं असतं. पण त्या दिवशी नाही.

ती माळ्याच्या बायकोकडे गेली. व्हरांड्यातल्या बाकावर ती बाई एकटीच बसली होती. भाऊ रिक्षा बघायला गेला होता. जाऊ तिच्या शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी दाराशीच थांबले.

ती बाई म्हणाली, "तू नव्हतीस तर मग."

"नाही."

"त्या साहेबाला ठाऊकच नव्हतं. त्या डॉक्टरचं तर वय काय. तो खिडकीतला म्हातारा, त्याने तर आमचंच काम लगेच करून दिलं." तिने हात मांडीवर उलटे टाकले. "मग मी शिव्या कुणाला देऊ गं?"

माझी जाऊ समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मला दिल्यात त्या राहू देत," ती म्हणाली. "परत नका घेऊ."

ती बाई तिच्याकडे वळली, आणि त्या दोघींच्या मधली जागा तिने स्वतःच सरकून भरून काढली.